पाण्यात साखर ओळखणारा रेणू

उपाशीपोटी साखर 90 आली की आपण निश्चिंत होतो. पण 90 म्हणजे डेसिलिटरमध्ये अवघे 90 मिलिग्रॅम ग्लुकोज. रेणू मोजले तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे 11 हजार. त्यातून नेमके ग्लुकोज पकडणारा रेणू घडवायचा, तर अडचण नुसत्या गर्दीची नसते. ग्लुकोजच्या अंगावर हायड्रॉक्सिल गट असतात आणि पाणीही रचनेने त्यांच्यासारखेच. हायड्रोजन बंधाने साखर धरायला जावे, तर ती जागा पाण्याने आधीच अडवलेली असते. निसर्गातली लेक्टिन प्रथिनेसुद्धा साखरेला सहसा सैलच धरतात.

यावर एक वाट बोरॉनिक आम्लांची: ती शेजारच्या दोन हायड्रॉक्सिलांशी थेट रासायनिक बंध जोडतात, तेही पाण्यात. मात्र साध्या बोरॉनिक आम्लांचा ओढा ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोजकडे जास्त.

ब्रिस्टल विद्यापीठात अँथनी डेव्हिस यांच्या गटाने ग्लुकोजच्या आकारावरच लक्ष ठेवले. बीटा-ग्लुकोजच्या सहा अणूंच्या कड्याचे पाचही मोठे गट कडेने बाहेर पसरलेले असतात. वर आणि खाली उरतात फक्त कार्बनला जोडलेले हायड्रोजन: एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. म्हणजे पाण्यात इतक्या सहज विरघळणाऱ्या या रेणूचे दोन्ही पृष्ठभाग पाण्याला फारसे धरून नसतात! मला या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

ग्राही रेणूची रचना यावरून ठरते. तो एखाद्या मंडपासारखा बांधायचा. छत आणि जमीन बेंझीन कड्यांची. साखरेचे हायड्रोजन त्यांना टेकतात आणि तिथले पाणी बाहेर ढकलले जाते. कडेचे खांब युरिया गटांचे. ते हायड्रॉक्सिलांशी हायड्रोजन बंध जुळवतात. सगळा सांगाडा ताठ हवा, नाहीतर पोकळी आपल्याच अंगावर मिटते. शिवाय तो पाण्यात विरघळावा म्हणून बाहेरून ऋणभारित कार्बोक्सिलेट गट लावावे लागतात.

2012 मध्ये जाहीर झालेल्या रेणूची पकड बेताची होती. 2019 मधल्या, सहा युरिया असलेल्या रेणूचा बंधस्थिरांक (पकडीच्या ताकदीचे माप) सुमारे 18,000 लिटर प्रति मोल भरला. गॅलॅक्टोजमध्ये चौथ्या कार्बनवरचा एकच हायड्रॉक्सिल कडेऐवजी उभा असतो. तेवढ्याने तो छताला अडतो आणि पकड शंभरेक पटींनी ढिली पडते.

2018 मध्ये नोवो नॉर्डिस्कने हे तंत्रज्ञान असलेली झायलो कंपनी घेतली. 2024 मध्ये त्यांनी असा ग्राही आणि एक ग्लुकोसाइड (ग्लुकोजपासून बनलेला गट) इन्सुलिनलाच जोडून दाखवले. रक्तात साखर कमी असली की ग्लुकोसाइड ग्राहीत शिरून बसतो आणि इन्सुलिनचे काम मंदावते. साखर वाढली की ग्लुकोज त्याची जागा घेते आणि इन्सुलिन मोकळे होऊन जोमाने काम करते. उंदीरवर्गीय प्राणी आणि डुकरे यांच्यावर हे तपासून झाले आहे.