रक्तातले जस्त कमी, म्हणून कर्करोग?

कर्करोगाच्या उपचारासाठी आलेल्या रुग्णाच्या फायलीत हल्ली कधी कधी ‘सीरम झिंक’चा अहवाल सापडतो. आकडा सामान्य पातळीपेक्षा कमी असतो. मग नातेवाईक विचारतात, ‘डॉक्टर, झिंक कमी पडलं म्हणूनच हे झालं का? आधीच गोळ्या सुरू केल्या असत्या तर?’ या प्रश्नात घरच्यांची अपराधी भावना असते. बहुतेक वेळा ती विनाकारण असते.

प्रौढ माणसाच्या शरीरात जेमतेम दोन-तीन ग्रॅम जस्त असते. त्यातले बहुतेक स्नायूंत आणि हाडांत. रक्तद्रवात जेमतेम हजारावा हिस्सा. कणगीत किती धान्य आहे हे स्वयंपाकघरातल्या डब्यावरून ठरवावे, तसा हा प्रकार. त्यात हा डबाही सारखा हलत असतो. जेवणानंतर रक्तातले जस्त उतरते. शरीरात जंतुसंसर्ग, गाठ किंवा कोणताही दाह असला की यकृत ते स्वतःकडे ओढून घेते. रक्तात जस्त वाहून नेणारे अल्ब्युमिन आजारपणात घटते, जेवण तुटते. त्यामुळे रुग्णाचा कमी आकडा पुष्कळदा रोगाचा परिणाम असतो. त्यावरून रोगाचे कारण ठरवता येत नाही.

तरीही जस्ताचा आणि कर्करोगाचा संबंध कल्पनेतला नाही. पेशीतील डीएनए बिघडल्यावर तिची वाढ थांबवणारे ‘पी ५३’ नावाचे प्रथिन जस्ताशिवाय आपला आकार टिकवू शकत नाही. अडचण अशी, की प्रत्येक अवयवात जस्ताची कथा वेगळी आहे.

पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी जस्ताचा मोठा साठा करते. तिथल्या निरोगी पेशी जस्त साठवून सायट्रेटचे ज्वलन रोखतात आणि ते सायट्रेट वीर्यात सोडतात. पेशी कर्करोगाची झाली की जस्त आत घेण्याची तिची व्यवस्था कोलमडते, साठा बराच उतरतो आणि अडवलेले सायट्रेट ती इंधन म्हणून जाळू लागते. स्तनाच्या कर्करोगात नेमके उलटे दिसते: गाठीत शेजारच्या निरोगी भागापेक्षा जस्त जास्त आढळते. म्हणजे ‘जस्त वाढवा, कर्करोग टाळा’ हे सूत्र पहिल्या दोन अवयवांतच मोडते.

रोग होण्याआधीचे जस्त मोजल्याचे एक चांगले उदाहरण चीनमधल्या लिनशियन भागातले आहे. तिथे अन्ननलिकेचा कर्करोग फार. १९८५ मध्ये काढून ठेवलेले अन्ननलिकेचे तुकडे पुढे क्ष-किरणांच्या तंत्राने तपासले, तेव्हा ज्यांच्या पेशीजालात जस्त जास्त होते त्यांना हा कर्करोग कमी झालेला आढळला. आशा वाढवणारीच गोष्ट. पण त्याच भागात सुमारे तीस हजार लोकांवर पाच वर्षे पूरक गोळ्यांची चाचणी झाली होती. तिच्यात ‘अ’ जीवनसत्त्वासोबत जस्त मिळालेल्यांत अन्ननलिकेचा कर्करोग लक्षणीय घटला नाही.

उलट दिशेचा इशारा अमेरिकेतून आला. सुमारे ४७ हजार पुरुषांच्या पाहणीत, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दिवसाला १०० मिलिग्रॅमहून जास्त जस्त गोळ्यांतून घेणाऱ्यांत पुढच्या अवस्थेतल्या प्रोस्टेट कर्करोगाचा धोका दुपटीहून जास्त दिसला. ही पाहणी होती, चाचणी नव्हे. त्यामुळे दोष गोळीचाच, असे म्हणता येत नाही. पण ‘घेऊन तर बघू, नुकसान काय’ असे म्हणणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

नुकसान होते, आणि त्याचे कारण ठाऊक आहे. जादा जस्त आतड्यात तांब्याचे शोषण अडवते. महिनोन्‌महिने मोठे डोस घेतल्यास रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, पाय बधिर पडतात. केमोथेरपी घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी आधीच नाजूक अवस्थेत असतात. भारतीय शिफारशीनुसार रोजची गरज पुरुषांना १७ आणि स्त्रियांना १३.२ मिलिग्रॅम, वरची मर्यादा ४०. कोविडच्या काळात सर्रास घेतली गेलेली ५० मिलिग्रॅमची गोळी ही मर्यादा एकटीच ओलांडते.

आपल्याकडे जस्ताची खरी कमतरताही असते, हे विसरून चालणार नाही. बिहारमध्ये जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६१ मध्ये इराणमध्ये वाढ खुंटलेल्या तरुणांत ती प्रथम ओळखली. त्यांचा आहार मुख्यतः आंबवण न घातलेल्या रोटीचा होता. धान्यातले फायटेट जस्ताला धरून ठेवते. भाकरी-पोळीवर भर असलेल्या आपल्या ताटालाही हे लागू पडते. मोड आलेली मटकी, रात्रभर आंबवलेली आंबील, इडली-डोसा यांत फायटेट कमी होते. तीळ, शेंगदाणे, हरभरे यांतून जस्त मिळते. अंडी, मटण खाणाऱ्यांना ते सहज शोषले जाते.

कर्करोगाच्या रुग्णाला चव गेली, जुलाब लांबले, जेवण फारच तुटले, तर डॉक्टर मोजक्या मुदतीसाठी जस्त देतातही. मात्र किरणोपचारात गेलेली चव त्याने हमखास परत येते असे नाही. चाचण्यांचे निष्कर्ष निराशाजनक आहेत. घरी आधीपासून गोळ्या सुरू असतील, तर त्यांची पट्टी पुढच्या भेटीत सोबत न्यावी. काही प्रतिजैविके जस्ताबरोबर घेतली की नीट शोषली जात नाहीत, आणि केमोथेरपीच्या काळात प्रतिजैविकांची गरज कधीही पडू शकते.