धर्मवादातून काय उरतं? : मोरभट दांडेकर, जॉन विल्सन आणि पत्रकांची लढाई

बाहेर धरणाच्या चौपाटीवर कणसं भाजल्याचा वास सुटलाय, आणि तुम्ही इथे जुनी धर्मभांडणं ऐकायला बसलात, याबद्दल आधी आभार. मागच्या वेळी एका श्रोत्यांनी जाताजाता विचारलं होतं, "सर, धर्मावरच्या वादातून कधी कुणाचं मत बदललंय का?" प्रश्न साधा वाटला, पण मला आठवडाभर पुरला. आजचं बोलणं त्याचंच उत्तर आहे.

सुरुवात जरा लांबून करतो. 1641 च्या सुमारास इंग्लंडमध्ये छपाईवरचं सरकारी नियंत्रण कोसळलं आणि पत्रकांचा पूर आला. त्यातच क्वेकर पंथ उभा राहिला. 'क्वेकर' म्हणजे थरथरणारा. 1650 मध्ये डर्बीच्या एका न्यायाधीशाने जॉर्ज फॉक्सला हिणवण्यासाठी वापरलेला हा शब्द पुढे पंथालाच चिकटला. ही माणसं शपथ घेत नसत, कुणापुढे टोपी काढत नसत आणि लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणत. कल्पना करा, आपल्याकडे कोर्टात कुणी न्यायाधीशांना 'अहो' न म्हणता 'तू' म्हटलं तर काय होईल! 1656 मध्ये जॉन बनियनने त्यांच्याविरुद्ध पुस्तक काढलं, एडवर्ड बरोने उत्तर दिलं, बनियनने प्रत्युत्तर, बरोने पुन्हा उत्तर. हा तोच बनियन, ज्याचं रूपक 1841 मध्ये हरी केशवजींनी 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणलं. फॉक्सने तर 1659 मध्ये विरोधकांच्या शंभराहून जास्त पुस्तकांना एकाच ग्रंथात उत्तरं दिली. आधी विरोधकाचं वाक्य, मग आपलं उत्तर, अशी त्याची मांडणी.

आता मुंबईला येऊ. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आला, मराठी शिकला. 1831 मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी त्याचा जाहीर वाद झाला, तोही एका बैठकीत न आटपता अनेक संध्याकाळी चालला. मग मोरभटांनी 'हिंदुधर्मस्थापना' लिहिलं. विल्सनने 1832 मध्ये त्याला इंग्रजीत पुस्तकभर उत्तर दिलं. त्यावर साताऱ्याच्या नारायणराव नावाच्या गृहस्थांनी लिहिलं, आणि 1834 मध्ये विल्सनचं दुसरं पुस्तक आलं. म्हणजे बनियन-बरो यांचाच खेळ, पावणेदोनशे वर्षांनी, गिरगावच्या आसपास.

यात एक गंमत बघा. विल्सनने आपल्या पुस्तकात मोरभटांच्या निबंधाचं इंग्रजी भाषांतरही छापलं. कारण उघड आहे. खंडन करायचं तर वाचकापुढे आधी मूळ मुद्दा ठेवावा लागतो. पण त्यामुळे झालं काय, की मोरभटांचा आवाज दूरवर नेला तो त्यांच्या विरोधकानेच. आपल्या न्यायशास्त्रात याला पूर्वपक्ष म्हणतात. आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडायचं, मग उत्तरपक्ष. फॉक्सनेही तेच केलं होतं.

मुद्दा काय होता? विल्सनने पुराणांवर नीतीचा गज धरला: देवांच्या कथांमधलं वर्तन माणसाने केलं तर आपण निंदा करू, मग ते पूज्य कसं? यावर परंपरेतला जुना बचाव असा, की ईश्वराच्या लीलेला माणसाचे नियम लागत नाहीत. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. हा बचाव महाग पडतो. ईश्वराला आपला नीतीचा गज लागतच नसेल, तर 'ईश्वर चांगला आहे' असंही म्हणता येत नाही, कारण 'चांगला' हा शब्द त्याच गजावरचा आहे. पण दुसरी बाजूही सोडू नका. तोच गज जुन्या करारातल्या युद्धकथांना लावला, की विल्सनलाही घाम फुटेल. एकदा गज बाहेर काढला की तो आपल्याच हातात राहील याची खात्री नसते.

मग कुणाचं मत बदललं? मोरभट ख्रिस्ती झाले नाहीत, विल्सन हिंदू झाला नाही. बदललं ते बचाव करणाऱ्याचं स्वतःचं घर. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी वाद घालायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी जमीन बदलली. पुराणं मागे ठेवून ते वेदांवर उभे राहिले. 1859 मध्ये त्यांचा 'वेदोक्त धर्मप्रकाश' आला, आणि 1867 मध्ये ते 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहून सगळ्या समाजाने एका कुटुंबासारखं राहावं असं सांगू लागले. क्वेकरांचंही तसंच झालं. आतल्या प्रकाशावर भिस्त ठेवणाऱ्या या पंथाला वादांच्या रेट्याने रॉबर्ट बार्क्लेचा पद्धतशीर समर्थनग्रंथ मिळाला, 1676 मध्ये.

पण हे सगळं कागदावर राहिलं नाही, हे विसरू नका. 1843 मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, अजून पोरगाच, मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील कोर्टात गेले आणि मुलगा परत मिळाला. परत मिळाला, पण मिशनऱ्यांकडे जेवला होता. त्याला पंक्तीत घ्यायचं का? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं अशी बाजू घेतली, आणि सनातनी मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. बघा, वाद सुरू झाला होता परक्याशी, आणि येऊन थांबला आपल्या उंबऱ्यावर. खरा प्रश्न आता असा झाला, की आपला धर्म एका पोराला परत घेण्याइतका मोठा आहे का? पुढे जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिली तीही प्रश्नोत्तरांच्या, संवादाच्या रूपात. वादाचा साचा तोच, फक्त प्रश्न घरातल्याच माणसांना विचारलेले.

तेव्हा त्या श्रोत्यांना माझं उत्तर असं: समोरच्याचं मत सहसा बदलत नाही, पण प्रामाणिकपणे उत्तर द्यायला बसलेला माणूस तसाच उरत नाही. अट एकच, पूर्वपक्ष नीट मांडायचा. मी वर्गात मुलांना सांगत असे, विरोधकाचं म्हणणं असं लिहा की त्याने वाचून "हो, हेच मला म्हणायचंय" असं म्हटलं पाहिजे. मग खंडन करा. आज मोबाईलवर धर्माचे निरोप पुढे ढकलताना आपण ही पहिली पायरीच गाळतो. मोरभट आणि विल्सन कडाडून भांडले, पण एकमेकांचं वाचून भांडले. तेवढं जरी आपल्याला जमलं तरी पुष्कळ झालं.

थांबतो इथेच. आता तुमचे प्रश्न घेऊ.