खडूची फुली

मलकापूरचा नाका ओलांडून राष्ट्रीय महामार्गाने नांदुऱ्याच्या दिशेला निघालेल्या प्रवाशाला कधी कधी समोरून अशी एक मालमोटार येताना दिसते, की जिला पाहून मेढी आणि आढे तेवढे उभे राहिले आहे, कूड आणि छप्पर अद्याप यावयाचे आहे, अशा घराची आठवण व्हावी. दोन लांब पोलादी तुळया, त्यांच्या बुडाशी चाके, पुढे केबिन, आणि केबिनीच्या मागे नुसते आकाश. माझ्या नोकरीच्या काळात पुष्कळशा गाड्यांना ही केबिनही नसे. कारखान्यातून गाडी घेऊन निघालेला चालक फळकुटाच्या बैठकीवर बसून, तोंडाभोवती गमछा गुंडाळून, ऊन, धूळ आणि पाऊस सारखाच अंगावर घेत शेकडो कोसांची मजल मारीत असे. आता केबिन बहुधा कारखान्यातूनच बांधून येते; परंतु मागचा हौदा, ज्यात सरकीची पोती, सोयाबीन, मका आणि प्रसंगी घरातल्या लग्नाचे वऱ्हाडही बसावयाचे असते, तो अजून पुष्कळदा गावोगावच्या बॉडी बांधणाऱ्यांकडेच घडतो, आणि त्या हौद्यावरचा लाकडाचा अंमल अद्याप पुरता उठलेला नाही.

मोटारीत पोलादाच्या जागी लाकूड घालता येईल काय, या प्रश्नाचा जपान-अमेरिकेतील शास्त्रज्ञ गांभीर्याने विचार करीत आहेत, असे वाचनात आल्यावर मला प्रथम हसू आले. कारण ज्या जिल्ह्यात मी जन्म काढला, तेथे हा प्रश्न कोणी सोडलेलाच नव्हता. तरीही हसून मोकळे होणे बरे नव्हे, असे वाटून गेल्या चैत्रात आठ दिवस मी महामार्गालगतच्या अशाच एका पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसत होतो. तेथील मिस्त्री सत्तरीच्या घरातले, मूळचे मोताळा तालुक्यातील एका खेड्यातले सुतार. वाडवडिलांचे बलुते बैलगाडीच्या चाकांचे. शेडमध्ये विजेवर चालणारे रंधे आणि ड्रिल होते, वेल्डिंगच्या निळ्या ठिणग्याही उडत होत्या. पण मिस्त्र्यांच्या हाताशी वाकस, पटाशी, किकरे आणि गुण्या ही जुनी दौलत तशीच मांडलेली होती, आणि कामात अडचण आली की हात तिकडेच वळे.

हौदा बांधण्याचा क्रम असा. सांगाड्याच्या दोन्ही पोलादी तुळयांवर प्रथम त्यांच्याच लांबीच्या दोन लाकडी तुळया निजवतात आणि त्या यू-बोल्टांनी आवळून पोलादाशी जखडतात. पोलादाला भोक मात्र पाडीत नाहीत. कारण जिथे भोक पडले तिथून भाराखाली तडा जाण्यास आरंभ होतो. त्या लाकडी तुळयांवर आडव्या तुळया, आडव्यांवर फळ्या, कडेने उभे खांब, आणि शेवटी उघडझाप करणारा फाळका. पोलादावर थेट पोलाद का ठेवीत नाही, असे मी विचारले, तेव्हा मिस्त्र्यांनी उत्तर न देता दोन्ही तळहात एकमेकांवर घासून दाखविले. खड्ड्यातून जाताना गाडीचा सांगाडा पिळला जातो; वर लोखंड, खाली लोखंड असले तर दोघेही एकमेकांना कुरतडतात आणि करकरतात. मध्ये लाकूड असले की ते थोडेसे दबते, थोडेसे सरकते, आणि भार एका ठिकाणी न साचता लांबवर पसरतो. पोलादाच्या पोटात लाकूड हे असे नोकरासारखे नव्हे, तर दोन भांडखोर भावांच्या मध्ये झोपणाऱ्या आईसारखे राहते.

खरे काम मात्र या जोडणीच्याही आधी होते. रचलेल्या थप्पीतील एकेक तुळई मिस्त्री खाली काढवीत, तिचे एक टोक डोळ्याशी धरून दुसऱ्या टोकापर्यंत नजर नेत, वाकसाच्या दांड्याने तीन-चार ठिकाणी ठोकत आणि कान देत. खणखणीत आवाज आला तर तुळई उजवीकडे. बद्द आवाज आला तर डावीकडे. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका तुळईवर खडूची फुली मारली, ती पाहून मी चकित झालो. कारण साऱ्या थप्पीत तीच मला सर्वांत देखणी वाटली होती. सरळ, गुळगुळीत, गाठ औषधालाही नाही.

“हिच्यात काय खोट, मिस्त्री?”

“मास्तर, रेघ पाहा नं जी. इथून निंगाली अन् इथं पळाली.” त्यांनी अंगठ्याचे नख लाकडाच्या धाग्यावरून फिरविले. धागा तुळईच्या लांबीने न जाता हाताभराच्या अंतरात तिरपा होऊन कडेला बाहेर पडला होता. “वजन पडलं का इथूनच चिरंल. गाठ असती तं मी घेतली असती. गाठ दिसते तरी.”

झाड वाढताना वाऱ्याने किंवा उताराने पिळले जाते, तो पीळ करवतीला कळत नाही. करवत आपली सरळ रेषेत चालते आणि बाहेरून सरळ, आतून तिरपी अशी तुळई निपजते. लाकूड धाग्याच्या दिशेने ओढले तर वजनाच्या मानाने त्याची ताकद पोलादाच्या तोडीची ठरते. धाग्याला आडवे ओढले तर तेच लाकूड हातानेही फाटावे. सागाच्या एका घनमीटरचे वजन साधारण साडेसहाशे किलो, पोलादाचे 7,850 किलो. परंतु हा हिशेब कागदावरचा. गाडीखाली जी तुळई जाते, ती या हिशेबातल्या लाकडाची नसून एका विशिष्ट झाडाची, त्या झाडाच्या विशिष्ट बाजूची असते.

चाक पाहायचे असेल तर गावी या, असे मिस्त्र्यांनी निमंत्रण दिले, म्हणून एका पहाटे आम्ही त्यांच्या खेड्यात पोचलो. बंडीला रबरी टायर लागून कितीतरी वर्षे लोटली. तरी शंकरपटाच्या हौशी मंडळींकरिता आणि क्वचित एखाद्या हट्टी शेतकऱ्याकरिता त्यांचे थोरले बंधू अजून लाकडी चाक करतात. मध्ये बाभळीचा तुंबा, त्यात बारा आरे, दोन-दोन आऱ्यांना एक याप्रमाणे सहा पुठे, आणि भोवती लोखंडी धाव. बाभूळ तोडल्यावर तिचे ओंडके कित्येक महिने पाण्यात बुडवून ठेवीत, म्हणजे भुंगा लागत नसे. आता पाण्याचा डोह उरला नाही, तेव्हा सिमेंटच्या हौदावर भागते. तुंब्यातील भोके किकऱ्याने पाडताना थोरले बंधू माप घेत नव्हते. आरा हलकेच भोकात टेकवून, मान किंचित कलती करून ते पाहत आणि अर्ध्या सुताएवढी कपची काढीत.

धाव मुद्दाम चाकापेक्षा आखूड करतात. साडेचार फूट व्यासाच्या चाकाचा परीघ चौदा फुटांच्या थोडा वर. धाव त्याहून अर्धा-पाऊण इंच कमी. ती जमिनीवर आडवी ठेवून भोवती गोवऱ्या रचून पेटविली. तासाभराने लोखंड लालसर झाले. लोखंडाचा धर्म असा, की तापमान सहाशे अंशांनी वाढले तर एवढ्या लांबीची पट्टी सव्वा इंचाच्या आसपास वाढते. म्हणजे आखूड असलेली धाव आता चाकाहून मोठी झाली. तिघांनी सांडशीने ती उचलली, चाकावर टाकली, घणाचे चार ठोके घातले. लाकडाने पेट घेतला, धुराचा लोट उठला, आणि तत्क्षणी बायकांनी घागरी रिकाम्या केल्या. त्यानंतर जो आवाज आला, तो मी अद्याप विसरलो नाही: पाणी चरचरत असताना त्याच्या खालून एकामागून एक कट् कट् असे बारीक आवाज, जणू चाक आपली बोटे मोडीत आहे. आकसणारे लोखंड प्रत्येक सांधा मिटवीत होते. चाकात एक खिळा नव्हता, एक थेंब सरस नव्हता.

लहानपणी चैत्र-वैशाखात आमच्या बंडीची चाके वाळून खिळखिळी होत. मग वडील बंडी नळगंगेच्या डोहात उतरवून रात्रभर तशीच उभी ठेवीत. लाकूड पाणी पिऊन फुगे आणि धाव पुन्हा घट्ट बसे. एका वर्षी हे करावयाचे राहिले, आणि राजूर घाटाच्या चढावर आमचे एक चाक आरे सोडून अक्षरशः पसरले. वडिलांनी दोष चाकाला दिला नाही, ते स्वतःवरच चिडले. लाकडाचे यंत्र पाळीव जनावरासारखे असते. त्याला हंगामाप्रमाणे पाणी दाखवावे लागते.

मोटारीच्या जन्मकाळी लाकूड तिच्या घरचेच होते. फोर्डच्या टी मॉडेलचा सांगाडा पोलादी, पण वरचे घर लाकडी चौकटीचे आणि चाकाचे आरे हिकरी लाकडाचे. आपल्या एस्टीची 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला सुटलेली पहिली गाडी लाकडी बॉडीची आणि कापडी छताची होती. मग पोलादाने बाजी मारली ती केवळ ताकदीच्या जोरावर, असा समज रूढ आहे, आणि माझ्या मते तो अपुरा आहे. अमेरिकेत एडवर्ड बड याने 1914 च्या सुमारास डॉज बंधूंच्या कारखान्याला संपूर्ण पोलादी बॉड्या पुरविण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्यातील मोठा लाभ रंगाचा होता. लाकडी चौकटीची बॉडी कडक भट्टीत घालता येत नसे. रंगाचे हात एकावर एक देत, वाळवीत, घाशीत आठवडे जात. पोलादाला भट्टीचे भय नाही. शिवाय पोलादाचा पत्रा छापाखाली घातला की हजारावा नग पहिल्यासारखाच निघतो, आणि त्याला डोळ्याशी धरून पाहणाऱ्या मिस्त्र्याची गरज उरत नाही. लाकूड दुबळे म्हणून हद्दपार झाले नाही. प्रत्येक नगाची स्वतंत्र पारख करणे कारखान्याला परवडेना म्हणून झाले.

जेथे पारखी माणसे शिल्लक राहिली, तेथे ते टिकलेही. इंग्लंडातील मॉर्गन कंपनी आजही आपल्या मोटारींच्या बॉडीची चौकट ॲश लाकडाची करते. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई असताना डी हॅविलंड कंपनीने बर्चच्या प्लायवूडमध्ये हलके बाल्सा भरून मॉस्किटो विमान बनविले, आणि सामान्य फर्निचर करणाऱ्या कारागिरांना त्या कामाला लावले. अशी 7,781 विमाने निघाली. मात्र 1944 मध्ये आपल्याकडील दमट मुलखात त्यांतील काही विमानांचे सांधे उकलले आणि अपघात झाले. दोष लाकडापेक्षा डिंकाचा, सांध्यांच्या जुळणीचा आणि हवेतील पाण्याचा होता. त्याच कंपनीत काम केलेल्या फ्रँक कॉस्टिनने पुढे जेम मार्शच्या जोडीने मार्कोस नावाच्या शर्यतीच्या मोटारींचा सांगाडाच प्लायवूडचा केला, 1959 साली.

आता नवी गोष्ट. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात लिआंगबिंग हू आणि तेंग ली यांनी 2018 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेली कृती ऐकून आमचे मिस्त्री बराच वेळ गप्प राहिले. लाकूड कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइटच्या द्रावणात उकळावयाचे, म्हणजे त्यातील लिग्निन, जो धाग्यांना धरून ठेवणारा चिकटा, तो काही अंशी निघून जातो. मग ते गरम दाबाखाली चेपावयाचे, म्हणजे जाडी मूळच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर येते, पोकळ्या मिटतात आणि धागे एकमेकांना बिलगतात. ताकद दहापटीहून अधिक वाढते, आणि वजन पोलादाच्या सुमारे एक-षष्ठांश राहते. जपानात क्योतो विद्यापीठाच्या पुढाकाराने लाकडातील अतिसूक्ष्म तंतू वेगळे करून त्यांच्या मिश्रणाने मोटारीचे भाग घडविण्यात आले, आणि अशी एक मोटार 2019 च्या टोकियो प्रदर्शनात मांडली गेली.

मिस्त्र्यांनी विचारले, “मंग गाठ अन् रेघ?”

मी म्हणालो, तंतू वेगळे केल्यावर कसली गाठ आणि कसली रेघ.

“तं मंग ते लाकूड कायले म्हनता जी? लोखंडच झालं नं ते.”

या आक्षेपाला शास्त्रीय उत्तर आहे. झाड वाढताना हवेतील कर्ब शोषून घेते आणि पोलादाची भट्टी तो ओकते, हे उत्तर मी दिलेही. परंतु आक्षेपाचा रोख निराळा होता, आणि तो मला पटला. पोलादाने सुताराच्या डोळ्याला जी रजा दिली, तीच रजा प्रयोगशाळा आता लाकडाकडूनच देववीत आहे. झाडाचे वैयक्तिक चरित्र उकळून काढले की मग त्याला कारखान्यात प्रवेश. मी या उद्योगाच्या विरोधात नाही. मोटारी हजारो बनतात, मिस्त्री एकच असतो, आणि त्यांच्या मुलाने जळगावात मोबाइलचे दुकान टाकले आहे.

शिवाय चांगली बाभूळ तरी कुठे राहिली? इंग्रजी अमदानीत वऱ्हाडात खोल काळ्या जमिनीच्या तुकड्यांवर बाभळीची बने राखून ठेवलेली होती, आणि आऊत-गाडीचे लाकूड त्यांतून निघे. आज मिस्त्र्यांची थप्पी कोण जाणे कुठल्या मुलखातून येते. वाहतुकीचे परवाने, वखारवाल्याचा भाव आणि वर ओल्या लाकडाची डोकेदुखी. ट्रकमालक विचारतात, “सगळंच लोखंडी करून द्या नं.” मिस्त्री तेही करून देतात. लोखंडी हौद्यालाही खाली फळ्या मात्र लाकडाच्याच टाकाव्यात असा त्यांचा आग्रह. तोही सारे मालक मानत नाहीत.

आठव्या दिवशी मी निरोप घ्यावयास गेलो, तेव्हा फुली मारलेली ती देखणी तुळई शेडमध्ये दिसली नाही. चौकशी केली. जिथवर धागा सरळ चालला होता, तेवढा भाग कापून त्यातून फाळक्याकरिता पाचरी काढल्या होत्या, आणि उरलेले टोक, फुलीसकट, कोपऱ्यातल्या चुलीत सारलेले होते. बाभळीचा जाळ कडक; आमचा चहा दोनदा उतू गेला.