दप्तराची दुसरी प्रत

बंदरातली क्रेन विजेवर चालते हे खरे; पण कोणता कंटेनर कोणत्या ट्रकवर चढवायचा, हे तिला दप्तरावरून कळते. आजचे दप्तर सर्व्हर नावाच्या यंत्रात असते. मालाची आवकजावक, कामगारांची हजेरी, जादा कामाचे तास, पगार, भविष्यनिर्वाह निधीची कपात हे सारे त्यातच. हे दप्तर एका सकाळी नाहीसे झाले तर काय, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही; तो कामगाराचा, व्यापाऱ्याचा आणि सगळ्या गावाचा आहे. आम्ही काही इंजिनियर नव्हे. कामगारांत राहून, जाणत्यांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले, तेवढेच येथे मांडतो.

प्रश्न कल्पनेतला नाही. २७ जून २०१७ रोजी आपल्या उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे काम अडले. कोणता माल कोणाचा, हेच यंत्रावरून कळेनासे झाले. बिघाडाचे मूळ मात्र उरणमध्ये नव्हते. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा घातकी प्रोग्राम पसरला आणि टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क या डॅनिश समूहाच्या जगभरच्या जाळ्यात शिरला. खंडणी मागण्याचे सोंग त्याने आणले होते. पण पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती.

यातला खरा धडा पुढे आहे. मर्स्ककडे बहुतेक सर्व्हरांच्या तीन ते सात दिवसांपूर्वीच्या प्रती होत्या. परंतु कोणाला कोठे प्रवेश आहे, हे ठरवणारी जी किल्ल्यांची वही, तिची वेगळी राखलेली प्रत सापडेना. ही वही सुमारे १५० यंत्रांवर होती आणि ती यंत्रे एकमेकांशी सतत जुळवून घेत होती. एक गेले तर दुसरे आहे, हा हिशेब. पण ती सगळी एकाच वेळी गेली. वाचले ते आफ्रिकेतील घाना देशातले एक यंत्र. कारण तेथे वीज गेल्यामुळे ते त्या वेळी जाळ्यापासून तुटलेले होते. त्यातली माहिती इंग्लंडला नेली, तेव्हा उभारणीला पाया मिळाला. पुढे दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. एवढ्या मोठ्या व्यवहाराला शेवटी आधार मिळाला तो वीज जाण्याचा!

तात्पर्य असे की, आरसा आणि प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरशासमोरच्या माणसाला जखम झाली की आरशातल्यालाही होते. एकमेकांशी जोडलेली यंत्रे हा आरसा. यंत्र मोडले तर तो उपयोगी, पण चूक किंवा घात झाला तर तोही त्याच क्षणी बिघडतो. प्रत म्हणजे कालचे दप्तर, आजच्यापासून तोडून ठेवलेले.

अशा प्रती घेणाऱ्या यंत्राला बॅकअप सर्व्हर म्हणतात. सामान्यतः आठवड्यातून एकदा संपूर्ण प्रत घेतात आणि रोज रात्री फक्त बदललेला भाग घेतात. ही साखळी असते. मधली एक कडी तुटली तर पुढच्या कड्या निरुपयोगी ठरू शकतात. जाणकारांचा नियम सोपा आहे: प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. दुसरे ठिकाण म्हणजे शेजारची खोली नव्हे. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आणि २२ जुलै २०२१ चा महाडचा पूर आपण पाहिला आहे. वादळ आणि पूर खोल्या मोजत नाहीत. शिवाय एक प्रत टेपवर किंवा डिस्कवर घेऊन तार काढून कपाटात ठेवावी. जोडलेलेच नाही, त्याला जाळ्यातून आलेला घात पोचत नाही. बॅकअप सर्व्हरचा पासवर्ड कार्यालयाच्या इतर पासवर्डांहून निराळा असावा, आणि कोणती प्रत कोठे आहे, या त्याच्या सूचीचीही प्रत असावी. सूची हरवलेले दप्तर म्हणजे रद्दीच.

आता बिघाडाकडे वळू. सकाळी पडद्यावर ‘काम अपुरे’ असा लाल शेरा दिसला तर घाबरून दहा ठिकाणी हात घालू नये. प्रथम विचारावे: कालपासून काय बदलले? मग क्रमाने पाहावे. जागा भरली का? पासवर्ड बदलला वा मुदत संपली का? दोन यंत्रांमधला रस्ता चालू आहे का, त्यांची घड्याळे जुळतात का? प्रत घेताना दप्तर उघडे होते का? रात्रीचे काम लांबून सकाळच्या पाळीत आले का? बहुतेक उत्तरे यंत्राच्या रोजनिशीत, म्हणजे लॉगमध्ये, असतात. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा.

परंतु लाल शेऱ्यापेक्षा हिरव्या शेऱ्याची भीती अधिक बाळगावी. नवी डिस्क बसवली आणि ती यादीत घातलीच नाही, तर यंत्र रोज रात्री जुन्याच फोल्डरची प्रत घेऊन ‘काम पूर्ण’ असे प्रामाणिकपणे सांगत राहते. म्हणून प्रत परत आणून पाहणे हीच एकमेव परीक्षा. दर महिन्याला एखादे दप्तर, आणि वर्षातून दोनदा तरी संपूर्ण सर्व्हर, कोऱ्या यंत्रावर परत उभा करावा. किती तास लागले ते लिहावे. खारेपाटातला शेतकरी बांधाची परीक्षा उधाणाच्या दिवसावर सोडत नाही. तो आधीच फिरून कोठे खांड पडते आहे का ते बघतो.

ही परीक्षा का होत नाही? कारण तिला वेळ, रिकामे यंत्र आणि माणूस लागतो. पुष्कळ ठिकाणी हे काम रात्रपाळीच्या एका कंत्राटी मुलावर असते. डिस्क मागण्याचा अधिकार त्याला नाही, दप्तर बुडाले तर जाब मात्र त्याला! किती तासांचे काम बुडालेले चालेल आणि किती वेळ कारभार बंद राहिलेला चालेल, हे दोन आकडे व्यवस्थापनाने ठरवून लेखी द्यावेत आणि त्यांना पुरेल एवढा खर्च मंजूर करावा. अधिकाराशिवाय जबाबदारी म्हणजे केवळ बळी शोधून ठेवणे होय.

संघटनांनीही वाटाघाटीत पगाराच्या आकड्याबरोबर एक साधा प्रश्न विचारावा: हजेरीपटाची प्रत शेवटची परत आणून कधी पाहिली? तारीख सांगता आली नाही, तर प्रत नाही असेच समजावे. आणि प्रत्येक कामगाराने पगारचिठ्ठी जपावी, भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक दरमहा पाहावे, त्यातली कपात चिठ्ठीशी ताडून घ्यावी. मालकाच्या यंत्राशी न जोडलेली, आपल्या घरातल्या पेटीत राहणारी ती दप्तराची दुसरी प्रत आहे. वादाच्या दिवशी तीच बोलेल.