कुसळ लहान, इजा मोठी

दसरा उलटला की माळावरचे कुसळी गवत पिकते. आपल्या मायबहिणी विळा घेऊन गवत कापायला जातात. या कुसळाचे टोक सुईसारखे. त्यावरची लव मागे वळलेली, म्हणून ते आत शिरते, पण सहज बाहेर निघत नाही. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो आणि टोक आणखी रुतते.

पायातले कुसळ चिमट्याने निघेल. डोळ्यात गेले तर मात्र चोळू नका. दूध, पाल्याचा रस घालू नका, अंगारा लावू नका. बुबुळावर बुरशी धरून नजर जाऊ शकते. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. एक दिवसाची मजुरी बुडेल, हे आम्ही जाणतो. पण डोळा गेला तर कायमची बुडेल.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ शोधण्यापेक्षा आपल्या आईच्या डोळ्यातले आधी पाहा!