रेषा कुठे मारायची?

ऑक्टोबर २०१४. अनेक राज्यांच्या सामायिक शालेय परीक्षेत पास कुणाला म्हणायचं, हे ठरवायला टेक्सासमधल्या डॅलस शहरात सुमारे पाचशे जण जमले होते. शाळांमधले शिक्षक आणि मुख्याध्यापक, काही प्राध्यापक, थोडे पालक, थोडे उद्योगांतले लोक. गंमत म्हणजे खुद्द टेक्सास या भानगडीत नव्हतंच.

अमेरिकेत शाळा हा राज्यांचा कारभार. वॉशिंग्टनने प्रश्नपत्रिका काढलेली तिथे कुणी खपवून घेत नाही. त्यामुळे प्रत्येक राज्याची परीक्षा वेगळी, पास होण्याची रेषाही वेगळी. सप्टेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने मधला मार्ग काढला. एकत्र येऊन परीक्षा तयार करणाऱ्या राज्यांच्या दोन गटांना मिळून ३३ कोटी डॉलर दिले. एक गट ‘पार्क’, दुसरा ‘स्मार्टर बॅलन्स्ड’. सुरुवातीला तर काही राज्यांनी दोन्हीकडे नाव नोंदवून ठेवलं होतं. न जाणो!

सामायिक परीक्षेतला एकेक प्रश्न बऱ्याच हातांतून जातो. लिहिणारा लिहितो, विषयातले शिक्षक तपासतात, मग आणखी एक समिती फक्त अन्याय शोधते. गणिताच्या उदाहरणात बर्फ उपसायचं फावडं आलं, तर हवाईच्या किनाऱ्यावरचं मूल गणिताआधी फावड्यापाशीच अडेल. त्यानंतर पूर्वचाचणी. २०१४ च्या वसंतात ‘स्मार्टर बॅलन्स्ड’चे प्रश्न ४० लाखांहून अधिक मुलांनी सोडवले. मुलांच्या हाती गुण पडले नाहीत. कुठला प्रश्न कितींना सुटला, कुठे चांगली मुलंच चुकली, एवढंच पाहिलं गेलं. ही परीक्षा संगणकावरची, उत्तरानुसार पुढचा प्रश्न बदलणारी. त्यामुळे एका प्रश्नपत्रिकेवर भागत नाही, हजारो प्रश्नांची पेढी लागते. शाळेतल्या संगणकाचा पडदा किमान किती इंची असावा, इथपर्यंत नियम करावे लागले.

तरी प्रश्न काढणं सोपंच म्हणायचं. ‘स्मार्टर बॅलन्स्ड’साठी डॅलसला जमलेल्यांपुढचं काम त्याहून अवघड होतं: रेषा कुठे मारायची ते ठरवणं. त्या पद्धतीला ‘बुकमार्क’ म्हणतात. पूर्वचाचणीतून निघालेले प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे ओळीने लावलेले असतात. ते आधी स्वतः वाचायचे, सोडवायचे. मग इयत्तेला जेमतेम पुरं पडणारं मूल डोळ्यांपुढे आणायचं आणि ते कुठल्या प्रश्नापर्यंत टिकेल, तिथे खूण करायची. हुशार मूल सगळ्यांना दिसतं, मागे पडलेलंही दिसतं. वाद होतो तो या ‘जेमतेम’वर. प्रत्येकाच्या मनात आपापला वर्ग असतो. खुणा जुळत नाहीत, चर्चा होते, पुन्हा खुणा होतात. शेवटी आकडे समोर ठेवले जातात: रेषा इथे मारली, तर इतकी मुलं खाली राहतील. ते पाहून हात थबकला नाही, तर तो माणूस शिक्षक नसावा.

त्या नोव्हेंबरमध्ये ‘स्मार्टर बॅलन्स्ड’च्या राज्यांनी रेषा मान्य केल्या. अंदाज असा, की अकरावीची ४१ टक्के मुलं इंग्रजीत आणि ३३ टक्के गणितात रेषेवर पोचतील. निवडून येणाऱ्या कुणालाही असे आकडे जाहीर करणं परवडत नाही. गटांना गळती तर आधीच लागली होती. जॉर्जियाने २०१३ मध्येच खर्चाचं कारण देऊन ‘पार्क’ सोडलं होतं.

ओहायोने मात्र कमाल केली. २०१५ मध्ये तिथल्या मुलांनी ‘पार्क’चीच परीक्षा दिली. गटाच्या हिशेबात पाचपैकी चौथी पायरी गाठली की अपेक्षा पूर्ण. ओहायोने तिसऱ्या पायरीवरच्या मुलांनाही ‘प्रवीण’ ठरवलं. परीक्षा तीच, गुण तेच. राज्याची हद्द ओलांडली की मूल पुन्हा कच्चं. जो फरक मिटवायला एवढा खटाटोप केला, तो निकालपत्रावर परत आला. त्याच वर्षी ओहायोनेही गट सोडला.

‘पार्क’ हळूहळू विस्कटला, पण प्रश्नांची पेढी टिकली. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्याने आपली नवी परीक्षा बेतताना त्यातलेच प्रश्न घेतले. नाव आणि रेषा मात्र स्वतःची ठेवली.