उसाची नोंद, वावराचा नकाशा आणि कारखान्याचे दफ्तर



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ऊसनोंदीचे संगणकीय काम नव्याने उभारण्याचा व त्याला नकाशाची जोड देण्याचा विषय येत आहे. पैसा सभासदांचा आहे. म्हणून हात वर करण्यापूर्वी काय पाहावे, ते आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

अमरावती-अकोल्याकडे ऊस सलग नाही. चांदूर बाजार, अचलपूरकडे तो संत्र्याच्या बागांमध्ये, अंजनगावकडे केळीच्या शेजारी, तर इतरत्र कपाशी-तुरीत विखुरलेला असतो. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आडवा येतो. अशा ठिकाणी कोणत्या धुऱ्यापलीकडे ऊस आहे, लागण कधीची आहे आणि पांदण गाडीजोगी आहे काय, हे नकाशावर दिसले तर तोडणीची टोळी व वाहने रिकामी हिंडत नाहीत.

आधी जुन्या दफ्तराचे पाहू. आपल्या नोंदी फॉक्सप्रोमध्ये आहेत. त्या कंपनीने फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ साली काढली आणि २०१५ साली तिची देखभाल थांबवली. काम चालते, पण बिघडले तर विचारायचे कोणाला? दुसरी अडचण मराठी नावांची. ती जुन्या टंकाच्या सांकेतिक अक्षरांत साठवली आहेत. तो टंक नसला की सभासदाच्या नावाऐवजी भलतीच चिन्हे उमटतात. युनिकोडमध्ये ती एकदा बदलून घ्यावी लागतील आणि प्रत्येक नाव माणसाने डोळ्यांखालून घालावे लागेल. गावाचे नाव, गट नंबर आणि सभासद क्रमांक यांचा मेळ बसल्याशिवाय नकाशा जोडण्यात अर्थ नाही. पाया कच्चा आणि माडी रंगीत, असे व्हायचे.

आता नकाशाच्या व्यवस्था. मुख्यतः चार प्रकार समोर आहेत.

१) गूगल : हा नकाशा २००५ पासून आहे. चित्रे स्पष्ट, मोबाईलवर सर्वांच्या ओळखीचा. आपल्या कामात जोडून घेतल्यास ठरावीक मर्यादेपर्यंत फुकट, पुढे वापराप्रमाणे आकार पडतो. त्यावरून नकाशा उतरवून दुसऱ्या दफ्तरात साठवण्यास अटी आहेत.

२) भुवन : इस्रोने २००९ साली सुरू केलेला आपल्या देशाचा नकाशा. आपल्या उपग्रहांची चित्रे व जमीन-पाण्याचे थर पाहायला उपयोगी. तोडणीची स्लिप मात्र त्यातून निघत नाही. ते काम वेगळे जोडावे लागते.

३) आर्कजीआयएस : अमेरिकेतील एस्री कंपनीचे. काम भक्कम, सोयी पुष्कळ. पण परवान्याचा खर्च पुन्हा पुन्हा येतो. लहान कारखान्याने हा आकडा पाच वर्षांचा धरून पाहावा.

४) क्यूजीआयएस व ओपनस्ट्रीटमॅप : दोन्ही खुली व परवाना-शुल्काविना. आपण आखलेला नकाशा आपल्याच दफ्तरी राहतो. पण 'फुकट' म्हणजे बिनखर्ची नव्हे. शेतकी खात्यातील एक-दोन माणसे शिकवून तयार करावी लागतात, आणि ती टिकवावीही लागतात.

कोणतीही व्यवस्था घेतली तरी मापाची मर्यादा ध्यानात ठेवावी. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे मोफत मिळतात. त्यातला एक ठिपका दहा मीटर गुणिले दहा मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. सलग दोन एकरांचा ऊस त्यात चांगला कळतो. सात-आठ गुंठ्यांच्या चिंचोळ्या पट्टीत धुऱ्यावरची झाडेही उसात मोजली जातात. पावसाळ्यात ढग आले की तेही दिसत नाही.

मोबाईल हाती घेऊन धुऱ्यावरून फिरलो तरी मोकळ्या आभाळाखाली सुमारे पाच मीटरचा फरक पडू शकतो. वीस गुंठ्यांच्या चौकोनी वावराची एक बाजू साधारण पंचेचाळीस मीटर. दुसरी बाजू पाच मीटर जास्त धरली गेली तर सव्वादोन गुंठे वाढतात, म्हणजे शेकडा अकरा. शंभर गुंठ्यांत तोच फरक शेकडा पाचावर येतो. म्हणजे लहान सभासदाचेच माप अधिक चुकायचे. त्याच्या वावरात तेहतीस फुटी साखळी किंवा फीत लावून ताळा घेतलाच पाहिजे. कारण क्षेत्र चुकले की टनाचा अंदाज चुकतो, तोडीचा क्रम चुकतो, आणि कुणाचा तरी पक्व झालेला सुरू ऊस एप्रिलच्या उन्हात वाळत उभा राहतो. वजनाची घट त्याच्याच पदरी पडते.

महाभूनकाशावरील गटाचा नकाशा मार्गदर्शक म्हणून जरूर वापरू. पण धुऱ्याचा वाद त्यावर मिटत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणीच लागते. तसेच २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत उसाची नोंद केली म्हणजे कारखान्याकडे नोंद झाली, असा समज काहींचा आहे. तो बरोबर नाही. ती सातबाऱ्याची नोंद. कारखान्याची नोंद वेगळी करावी लागते.

तेव्हा सभेत विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. करार संपला तर आमच्या सर्व नोंदी व नकाशे दुसरीकडे वाचता येतील अशा रूपात परत मिळतील काय? पाच वर्षांचा एकूण खर्च, शिकवणीसह, किती? आणि मोबाईलला रेंज नसलेल्या वावरात नोंद घेता येईल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर लेखी 'होय' नसेल तर बाकीचे ऐकत बसू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमचा कल खुल्या व्यवस्थेकडे आहे, मात्र माणसे शिकवण्याची तरतूद त्याच ठरावात हवी. नकाशाचे चित्र कोणाचेही असो, नोंद सभासदांच्या मालकीची राहिली पाहिजे.

सभासदांकडूनही एक अपेक्षा. मोजणीला आमचा माणूस येईल तेव्हा सातबारा घेऊन स्वतः धुऱ्यावर या, लागणीची खरी तारीख सांगा, आणि लिहिलेले क्षेत्र वाचूनच सही करा. आपलं वावर आपल्याइतकं उपग्रहाला ठाऊक नाही!

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते